ट्रिम हलेना: सेकंडहँड जेट स्की, साडेबारा अँपिअर आणि टेप गुंडाळलेला एक जॉइंट

हा एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळले, जिथे मागून मिक्सर वाजला, ते गाळलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

आधी एक शंका मिटवते. पिंपरी-चिंचवडमध्ये बसून जेट स्कीवर एपिसोड का? आपल्याकडे पाणी म्हणजे पवना धरण आणि नळाला एक दिवसाआड येतं ते. पण माझा मामेभाऊ अलिबागजवळ नागावला किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सचा छोटा धंदा करतो. पावसाळ्यात समुद्रातले खेळ बंद असतात, सप्टेंबरपासून पुन्हा सुरू. त्या बंदच्या काळात त्याने एक जुनी जेट स्की घेतली. तिसऱ्या मालकाकडून. मशीन चालू होतं, इंजिनाचा आवाज छान, पण ट्रिम हलत नव्हता. विकणारा म्हणाला, "किरकोळ आहे, मोटर बदला, झालं." मोटरचं कोटेशन आलं तेव्हा भावाचा फोन आला, "ताई, किरकोळ नाही हे. आणि बाहेरून यायला पाच-सहा आठवडे म्हणतायत. गणपतीच्या सुट्ट्या गेल्या माझ्या."

मी सॉफ्टवेअरवाली. हिंजवडीला दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधते. पण कॉलेजात बीटेक करताना इलेक्ट्रिकलचे पेपर रडत का होईना पास केलेले. म्हटलं, मोटर ऑर्डर करायच्या आधी एकदा इकडे घेऊन ये. तो पिकअपमध्ये टाकून वडखळ, पेण, खोपोली करत भोसरी एमआयडीसीत आमच्या ओळखीच्या शेडमध्ये घेऊन आला. पावसात, ताडपत्रीखाली जेट स्की. शेडमधले सगळे कामगार मोबाइल काढून फोटो काढत होते.

आता ट्रिम म्हणजे काय ते पटकन. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. खाली पोटातून पाणी आत ओढलं जातं, आतला इंपेलर ते जोरात मागे फेकतो आणि मागच्या नोझलमधून धार बाहेर पडते. हँडल वळवलं की नोझल डावी-उजवीकडे वळतं. ट्रिम म्हणजे तेच नोझल थोडं वर किंवा खाली करणं. धार वरच्या दिशेला गेली की मशीनचं नाक उचलतं, कमी भाग पाण्याला घासतो, शांत पाण्यात वेग मिळतो. धार खाली गेली की नाक दाबलं जातं, लाटांवर आणि वळणावर पकड चांगली राहते. नाक फार वर ठेवून जोरात गेलात तर मशीन डॉल्फिनसारखं उड्या मारायला लागतं. मागे कोणाचा तरी आठ-दहा वर्षांचा मुलगा बसलाय आणि नाक वरच अडकलंय, असं डोळ्यासमोर आणा. म्हणजे कळेल की भावाला हा प्रश्न फक्त वेगाचा का वाटत नव्हता.

सगळ्या मशीनमध्ये हे विजेवर चालतं असं नाही. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत डावी ग्रिप फिरवून केबलने ट्रिम बदलायची सोय होती, क्विक शिफ्ट म्हणतात तिला. तिथे मोटरच नाही, त्यामुळे मल्टीमीटर काढायच्या आधी आपल्या मशीनला मोटर आहे का ते बघा. हसू नका, लोकांचं होतं असं. सी-डूच्या मशीनवर व्हीटीएस हे नाव दिसेल, म्हणजे व्हेरिएबल ट्रिम सिस्टीम. त्यात छोटी डीसी मोटर, तिला वर्म गिअर, आणि त्यातून पुढे-मागे सरकणारा दांडा, जो हलच्या मागच्या भिंतीतून बाहेर येऊन नोझलला ढकलतो. जिथून दांडा बाहेर येतो तिथे रबरी बूट असतो. तो फाटला की खारं पाणी थेट मोटरच्या घरात.

विजेचा रस्ता साधा आहे. बॅटरी, फ्यूज, रिले किंवा कंट्रोलर, मोटर. हँडलवर वर-खालीची बटणं. डीसी मोटर उलटी फिरवायची तर प्लस-मायनसची अदलाबदल करायची, तेवढंच रिले करतात. आणि नोझल कुठे आहे हे डिस्प्लेला सांगणारा एक सेन्सर, बहुतेक वेळा रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा पोटेन्शिओमीटर.

यातून हाताला ग्रीस न लावता बरंच कळतं. ट्रिम वर जातो पण खाली येत नाही, तर बॅटरी, फ्यूज आणि मोटर बहुधा ठीक आहेत. संशय बटणावर, एका रिलेवर किंवा सेन्सरवर. नोझल हलतंय पण डिस्प्लेवरची पट्टी हलत नाही किंवा उड्या मारते, तर सेन्सर किंवा त्याची वायर. दोन्हीकडे पूर्ण शांतता असेल तर फ्यूज, अर्थ किंवा मोटरचा कनेक्टर. आणि घुर्र करून थोडं हलून थांबतंय, जसं आमचं होत होतं, तर एकतर मोटरला पुरेशी वीज मिळत नाहीये किंवा तिच्यावर ओझं जास्त आहे. "मोटर गेली" हा तिसरा पर्याय, पहिला नाही.

सुरुवात करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही पुढे ढकलून ऐकू नका. जेट स्कीच्या पोटात पेट्रोलची टाकी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, तळाशी साचते. बोटीचं पोट म्हणजे वाफेसाठी वाडगाच. सीट काढायची, झाकणं उघडायची, दहा मिनिटं वारा खाऊ द्यायचा, वास येतोय का बघायचं, मगच वायरला हात. बॅटरी काढताना आधी मायनस. आणि मोटरला थेट बारा व्होल्ट देऊन बघायचे असतील तर जंपर वायरमध्ये फ्यूज घालायचा आणि जिथे ठिणगी पडू शकते ते शेवटचं जोडणं हलच्या बाहेर करायचं. मोटरचा कनेक्टर आधी सोडवायचा, नाहीतर तुमचे बारा व्होल्ट उलट कंट्रोलरमध्ये शिरतील. दांडा टोकाला पोचला की लगेच थांबायचं, कारण मर्यादेला थांबवणारा कंट्रोलर आता मध्ये नाही, वर्म तिथे घट्ट अडकून बसू शकतो.

बरं. बॅटरी. रात्रभर न वापरलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं. आमची १२.५ होती. चालेल. काही मशीनमध्ये सेफ्टी लॅनयार्डची की लावल्याशिवाय कंट्रोलर जागाच होत नाही, आणि ट्रिम मेला म्हणून लोक अर्धा दिवस घालवतात. आम्ही वीस मिनिटं घालवली. सांगायला लाज वाटते, पण घालवली.

मग मी मोटरचा कनेक्टर सोडवला, भावाला म्हटलं बटण दाब, आणि वायरच्या बाजूला मीटर लावला. १२.४ व्होल्ट. भाऊ म्हणाला, "म्हणजे वीज येतेय. मोटरच गेलीय." गॅरेजवाल्याने पण असंच बघून सांगितलं होतं म्हणे.

इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्ट मोजताना तो एक-सव्वा मायक्रोअँपिअर करंट घेतो. मोटरला लागतात काही अँपिअर. लाखो पटींचा फरक. जळालेल्या, गंजलेल्या, एका केसावर टिकलेल्या वायरमधूनसुद्धा मायक्रोअँपिअर आरामात जातो, त्यामुळे मीटर खुशाल १२ दाखवतो. हे म्हणजे रिकाम्या रस्त्यावर सकाळी सहाला गाडी काढून "चाकण चौकात ट्रॅफिक नाही" असं जाहीर करणं. शिफ्ट सुटताना जा, मग सांगा.

म्हणून व्होल्टेज मोजायचं ते लोड चालू असताना. मोटर जोडलेली, बटण दाबलेलं, आणि तेव्हा मीटर. मोटर काढलेली असेल तर तिच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो. कनेक्टर खराब असेल तर बल्ब मंद लागेल. पन्नास रुपयांचं हत्यार आहे, मीटरपेक्षा कमी खोटं बोलतं.

आम्ही मोटर परत जोडली. भाऊ हँडलवर, मी मागे आडवी. "दाब... सोड!" दोन-तीन सेकंदांच्या वर नाही, कारण अडकलेली मोटर झपाट्याने तापते. बटण दाबलेलं असताना बॅटरीवर १२.२. मोटरच्या पिनांवर ७.०. पाच व्होल्टच्या वर मध्येच कुठेतरी गायब.

आता ते शोधायची युक्ती. एकाच वायरच्या दोन टोकांना दोन प्रोब लावायचे. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, कारण आपल्याला लाल-काळं असं बॅटरीसारखं लावायची सवय. पण करंट वाहत असताना चांगल्या वायरच्या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य दिसायला हवं. एखाद्या तुकड्यावर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं की तो तुकडा संशयित. बॅटरीचा प्रत्येक व्होल्ट कुठे ना कुठे खर्च होतोच, सगळ्या तुकड्यांची बेरीज बॅटरीइतकी यायलाच पाहिजे. हिशेबाच्या वहीसारखं आहे.

माझ्यासारखे कोड लिहिणारे ऐकत असतील त्यांच्यासाठी, ही सरळ गिट बायसेक्ट आहे. अर्ध्यावर मोजा, दोष कुठल्या अर्ध्यात ते बघा, तो अर्धा पुन्हा अर्धा करा. मोटरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२, ठीक. म्हणजे ५.० व्होल्ट प्लसच्या बाजूला. बॅटरीपासून फ्यूजच्या पलीकडेपर्यंत ०.१. रिलेपासून मोटरपर्यंत ०.१. आणि फ्यूज ते रिले, हातभर वायर, ४.८.

त्या हातभर वायरवर काळी टेप होती. टेप सोडवली तर आत दोन वायरी नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या. तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर, आणि टेपचा डिंक वितळून काळा झालेला. फ्यूजबॉक्समध्ये बघितलं, मॅन्युअलप्रमाणे तिथे १० अँपिअरचा फ्यूज हवा. होता ३० चा.

माझी एक मैत्रीण चाकणला वायरिंग हार्नेसच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. तिला संध्याकाळी शिफ्टनंतर बोलावलं होतं, ती डीसी क्लॅम्प मीटर घेऊन आली. (तुमच्या घरी इलेक्ट्रिशियन वापरतो तो स्वस्तातला क्लॅम्प बहुतेक फक्त एसी मोजतो, बॅटरीवर तो शून्यच दाखवेल. आणि मल्टीमीटरचा अँपिअरवाला सॉकेट साधारण १० पर्यंतच असतो, मोटर अडकली तर त्याचा फ्यूज उडतो.) क्लॅम्पवर साडेबारा अँपिअर. ती गप्प झाली, मग म्हणाली, "पाच व्होल्ट गुणिले साडेबारा. साठ वॉट. एवढी उष्णता त्या टेपच्या आत." आमच्या शेडमधली सोल्डरिंग गन २५ वॉटची आहे. म्हणजे दोन सोल्डरिंग गनपेक्षा जास्त उष्णता, पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर, टेपमध्ये गुंडाळून. आणि ते थांबवायला जो फ्यूज होता तो ३० चा, तो साडेबाराला काय उडणार? भाऊ मागे ऑइलच्या डब्यावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. गेल्या दोन आठवड्यांत त्याने ते बटण शंभरदा दाबून बघितलं होतं.

जॉइंट कसा करायचा यावर मैत्रिणीने क्लास घेतला. मी सोल्डर करायला निघाले होते, तिने हातातून गन काढून घेतली. सोल्डर वायरच्या बारीक तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि हादरे बसले की जिथे कडक संपून मऊ सुरू होतं तिथे वायर तुटते. गाड्यांच्या हार्नेसमध्ये म्हणूनच जॉइंट क्रिंप करतात किंवा अल्ट्रासोनिकने वेल्ड करतात. समुद्रात तर हादरे गाडीपेक्षा जास्त. तेव्हा योग्य मापाचा क्रिंप, तोही पक्कडीने चेपून नाही तर क्रिंपिंग टूलने, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक, आणि जमलं तर टिनचा मुलामा असलेली वायर. तांबं काळं पडलेलं असेल तर मागे मागे कापत जायचं, चकचकीत लागेपर्यंत. आम्हाला वीतभर कापावं लागलं. क्रिंप झाल्यावर तिने तो दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढला. त्यांच्याकडे याला पुल टेस्ट म्हणतात, मशीनवर करतात, तिने हातावर भागवलं.

प्लसचीच वायर का सडली, मायनसची का नाही, असं भावाने विचारलं. मला तेव्हा उत्तर नीट देता आलं नाही, नंतर सुचलं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते वीज चांगलं वाहून नेतं. ओल्या जॉइंटवर प्लस व्होल्टेज असेल तर ते बारावीच्या रसायनशास्त्रातलं इलेक्ट्रोलिसिस होतं, आणि त्यात प्लसच्या बाजूचं तांबं विरघळतं. मशीन बंद असलं तरी बॅटरी जोडलेली असेल, आणि ती वायर कायम प्लसवर असेल, तर हे चालूच राहतं. म्हणून पावसाळ्यात मशीन ठेवताना बॅटरीची मायनस काढून ठेवायची.

तर. नवीन जॉइंट, नवीन १० चा फ्यूज. बटण दाबलं, नोझल सरसर वर गेलं, शेडमध्ये टाळ्या. दुसऱ्यांदा दाबलं आणि फ्यूज उडाला.

टाळ्या बंद.

मला वाटलं कुठेतरी शॉर्ट केलाय आम्ही. तासभर वायरी तपासल्या, काही नाही. मग डोक्यात आलं: आधी वाटेत खराब जॉइंट होता, तोच करंट अडवत होता. मोटर जाम होत होती, पण तिला सातच व्होल्ट मिळत असल्यामुळे साडेबारा अँपिअरवर भागत होतं. आता पूर्ण बारा मिळतात, तर जाम झालेली मोटर वीसेक अँपिअर ओढणार, आणि १० चा फ्यूज काही सेकंदांत उडणार. फ्यूज बरोबर काम करत होता. प्रश्न असा की मोटर जाम का होतेय?

हे मी पहिल्याच मिनिटाला बघायला हवं होतं. दांडा नोझलपासून सोडवायचा आणि नोझल हाताने वर-खाली करून बघायचं. दांडा जोडलेला असताना ही परीक्षा होत नाही, कारण वर्म गिअर उलट फिरत नाही, चांगलं नोझलही घट्टच लागेल. दोन मिनिटांचं काम, एक पाना. मी सॉफ्टवेअरवाली, मला लोखंडाचा संशय सगळ्यात शेवटी येतो.

सोडवलं. नोझल दोन हातांनीही जेमतेम हललं. ज्या दोन खिळींवर ते झुलतं तिथले बुश मीठ आणि बारीक वाळूने गच्च भरलेले, एक तर फुटलेला. दांडा सुटल्यावर मोटर चालवली तर क्लॅम्पवर दोन अँपिअरसुद्धा नव्हते. मोटर ठणठणीत.

मग सगळी गोष्ट उलटी वाचता आली. कुठल्यातरी मालकाने मशीन समुद्रातून काढून गोड्या पाण्याने धुतलं नाही. बुश जाम व्हायला लागले, मोटरवर ओझं वाढलं, १० चा फ्यूज उडाला. पुन्हा उडाला. मग कोणीतरी वैतागून ३० चा टाकला आणि तपासताना कापलेली वायर पीळ देऊन टेपने बांधली. फ्यूज उडणं थांबलं, म्हणजे दुरुस्त झालं असं ठरलं. आमच्या ऑफिसातही एरर येते म्हणून लॉगिंग बंद करणारे महाभाग आहेत, तेव्हा मी फार बोलणार नाही.

बुश भोसरीतच लेथवर ॲसिटलच्या रॉडमधून काढून घेतले, एका दुपारचं काम. खिळी घासून, गोड्या पाण्याने धुऊन, पाण्याने न धुपणारं मरीन ग्रीस भरलं. मागचा रबरी बूट वाकवून बघितला, चिरा नव्हत्या. प्रत्येक कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर, वाळवणं, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. आता बटण दाबलं की नोझल या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, क्लॅम्पवर चार अँपिअर, जॉइंटवर ०.०५ व्होल्ट. नवीन मोटरचं कोटेशन अजून भावाच्या व्हॉट्सॲपवर आहे, तो ते डिलीट करत नाही.

एपिसोडनंतर दोघा-तिघांनी विचारलं म्हणून एवढं जोडते. जुनी जेट स्की घ्यायला गेलात तर पहिल्यांदा फ्यूजबॉक्स उघडा आणि प्रत्येक फ्यूजचा आकडा झाकणावरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. कुठे मोठा फ्यूज दिसला तर त्या सर्किटमध्ये काहीतरी दडवलंय असं समजा. काळी टेप दिसेल तिथे बोट लावून बघा, कडक किंवा चिकट लागली तर ती तापलेली आहे. आणि नव्या मशीनमध्ये ट्रिम थेट रिलेवर नसून इंजिनाच्या कंट्रोलरमधून चालत असेल, तर आधी फॉल्ट कोड वाचून घ्या. तिथे सेन्सर खोटं बोलला तरी कंट्रोलर मोटरला थांबवतो, आणि बाहेरून ते मोटर गेल्यासारखंच दिसतं. सेन्सर तपासायचा तर मीटर ओहमवर ठेवून नोझल सावकाश हलवा, आकडा सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर त्या जागी सेन्सर झिजलाय.

सप्टेंबरात मोसम सुरू झाल्यावर भावाची व्हॉइस नोट आली. निम्मी वाऱ्यात उडाली आहे, पण शेवटचं ऐकू येतं: "ताई, नाक खाली येतंय गं, बरोबर येतंय. आणि रोज संध्याकाळी धुतोय, कसम."

पुढच्या एपिसोडला भेटू. मिक्सर बंद ठेवायचा प्रयत्न करते.